उंदराचं औषध आणि दादांची गोळी

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा (वय 61) हृदयाचा व्हॉल्व्ह बदलून धातूचा बसवलाय. रोज संध्याकाळी वॉरफरिनची गोळी असते. ‘हे तर उंदीर मारायचं औषध’ असं शेजाऱ्यांनी सांगितल्यापासून ते गोळी टाळतात. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, विषबाधा पाहिलेल्या. खरं काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी फोन उचला. दादांच्या किती गोळ्या चुकल्या ते त्यांच्या डॉक्टरांना आजच सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. ही गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही. धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरली आणि ती मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो.

शेजारी खोटं बोलले नाहीत, पण त्यांनी गोष्ट मधूनच सांगितली. ती सुरू होते गुरांपासून.

1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्त वाहून मरू लागली. शिंगं कापली किंवा खच्ची केलं, की रक्त थांबेचना. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने कारण शोधलं : स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याची बुरसलेली वैरण. पण अवकाळीत भिजलेला कडबा आपल्याकडे तरी कोण टाकून देतं? तिकडेही शेतकरी तीच वैरण घालत राहिले.

1933 च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमधलं न गोठलेलं रक्त आणि ती वैरण घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. लिंक त्याला एवढंच सांगू शकले : वैरण बंद करा, जनावराला रक्त द्या. तो कॅन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 1939 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत वैरणीतलं दोषी द्रव्य, डायक्युमेरॉल, वेगळं निघालं आणि पुढे ते रुग्णांनाही दिलं गेलं. त्याच कुळातलं वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं, 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. 1955 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं होतं.

ही गोळी यकृतातलं व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाही. ते नसलं की रक्त गोठवणारी प्रथिनं अर्धवट बनतात. माझ्याकडे एकदा एक लॅब्रेडॉर आणला होता. चार दिवसांपूर्वी त्याने माळ्यावरची उंदरांची वडी खाल्ली होती, ब्रोमॅडायोलोनची. तेही याच कुळातलं, पण कितीतरी जास्त टिकणारं. हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त काढायला सुई टोचली, तिथून थेंब थेंब गळतच राहिलं; मी अर्धा तास बोटाने दाबून बसले होते. व्हिटॅमिन के महिनाभर दिलं आणि तो वाचला. माणसातही उतारा हाच.

त्या कुत्र्याचं रक्त किती वेळात गोठतं ते आम्ही रोज मोजत होतो. दादांचंही तेच मोजतात, त्याला आयएनआर म्हणतात. कुत्र्याने वडी बेहिशेबी खाल्ली, दादांची गोळी आयएनआर बघून ठरवलेली असते. म्हणून ती तपासणी चुकवायची नाही.

नवीन गोळ्यांत तपासणीची कटकट नसते, असंही कुणी सांगेल. त्यांतलंच डाबिगॅट्रान धातूच्या व्हॉल्व्हसाठी वापरून पाहिलं होतं. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. दादांना जुनीच गोळी बरी.

मेथी, पालक बंद करू नका. त्यांत व्हिटॅमिन के असतं, म्हणून दर आठवड्याला साधारण सारखंच प्रमाण ठेवा. अंगदुखीची गोळी किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दात काढायचा असेल, तर आयएनआरची वही दाताच्या डॉक्टरांना आधी दाखवा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.

आणि माळ्यावर उंदरांची वडी असेल, तर ती नातवंडांच्या आणि कुत्र्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.