ब्रिटिश वसाहतींमध्ये मंत्री झालेल्याला पुन्हा निवडणूक का लढवावी लागायची? तो नियम आज आपल्याकडे आणावा का?

आणू नये. आधी नियम का होता ते: मंत्रिपद म्हणजे राजाचा पगार, आणि राजाचं मीठ खाणारा राजाला जाब काय विचारणार? म्हणून इंग्लंडात मंत्री झाला की खासदारकी जायची, पुन्हा निवडून यावं लागायचं. वसाहतींनी तेच उचललं.

पण लिहायला बसलो ते आमच्या मामांमुळे. उभा जन्म कचेरीत गेलेला. एका साखरपुड्याच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी उंचावून म्हणाले, "साहेबाच्या राज्यात मंत्र्याला परत लोकांपुढे जावं लागायचं. तो कायदा असता तर आज एकाची फुटायची हिंमत झाली नसती!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "मामा, कॅनडा ब्रिटिश वसाहत होती तेव्हा, 1858 साली, तिथे काय झालं ते ऐका." तेवढ्यात जिलबी आली. ऐकतंय कोण!

तर झालं असं. ओटावा राजधानी नको असा ठराव विधानसभेत मंजूर झाला आणि मॅकडोनाल्ड आणि कार्टिए या जोडीच्या सरकारने राजीनामा दिला. विरोधी बाकांवरच्या जॉर्ज ब्राउनने नवं सरकार बनवून 2 ऑगस्टला शपथ घेतली, आणि शपथेबरोबरच त्याची नि त्याच्या मंत्र्यांची आमदारकी गेली. सरकार यांचं, आणि सभागृहात बाजू मांडायला यांचा एकही मंत्री नाही! त्याच दिवशी अविश्वास ठराव. ब्राउनला नवी निवडणूक हवी, पण गव्हर्नर-जनरल एडमंड हेड विधानसभा बरखास्त करेना. दोन दिवसांत ब्राउन घरी.

मग जुनी मंडळी परतली. त्यांना पोटनिवडणूक? छे! एक खातं सोडून महिन्याच्या आत दुसरं घेतलं तर निवडणूक माफ, अशी पळवाट कायद्यातच होती. मॅकडोनाल्ड एका दिवसापुरता पोस्टमास्टर जनरल (टपालमंत्री) झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे आपल्या जुन्या कायद्याच्या खात्यावर. बाकीच्यांनीही तेच केलं. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानेही ते ग्राह्य धरलं.

म्हणजे नियम नडला तो नव्याने आलेल्याला. मुरलेले सहीसलामत. मामांना वाटतं आपले घटनाकार हे विसरले. विसरले नाहीत, मंत्रिपद हे लाभाचं पद (ज्यामुळे खासदारकी जाते असं सरकारी पद) धरायचं नाही, असं अनुच्छेद 102 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय. फुटिरांना आवरायचं तर पक्षांतराचा कायदा कडक करा, हे मी तेव्हाही सांगत होतो.

हां, ब्राउनवरचा अविश्वास ठराव 71 विरुद्ध 31 ने मंजूर झाला, त्यामुळे ब्राउनचे मंत्री हजर असते तरी सरकार पडलंच असतं. आणि मामांच्या बाजूने एक: 1908 मध्ये मंत्री झालेल्या चर्चिलला मँचेस्टरच्या मतदारांनी याच नियमाने पाडलं. पण तोही महिन्याच्या आत स्कॉटलंडातल्या डंडीहून निवडून आला.