इन्सेंटिव्ह वाढवला तरी लाइनचा आकडा का हलत नाही

तुम्ही लिहिलंय की वर्षभरापूर्वी असेंब्ली लाइनचे इनचार्ज झालात, हाताखाली 18 जण आहेत, वरिष्ठांशी भांडून इन्सेंटिव्ह वाढवून घेतलात, तरी शिफ्टचा आकडा तिथेच आहे. सोबत पार्ट-टाइम एमबीए चालू आहे, ‘संघटनात्मक वर्तन’ हा पेपर नुसता पाठांतराचा वाटतो, आणि शॉप फ्लोअरवर त्याचा उपयोग काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी 26 वर्षं कारखान्यांत पर्सोनेलचं काम केलं. तुमच्या अडचणीचं उत्तर याच पेपरात आहे, पण माणसाच्या गरजांची क्रमवारी सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅस्लोच्या धड्यात नाही.

मॅस्लोचा त्रिकोण परीक्षेपुरता काढा. (तो त्याने स्वतः काढलेलाच नाही. 1943च्या लेखात गरजांची क्रमवारी आहे, आकृती नाही.) त्यातून एकेकट्या माणसाबद्दल थोडंफार कळतं. तुमच्यासमोर मात्र 18 सुटी माणसं नाहीत. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाणारा एक गट आहे आणि त्याचे स्वतःचे नियम आहेत.

हॉथॉर्न या अमेरिकन कारखान्यातले प्रयोग म्हणून तुम्हाला बहुधा दिव्यांची गोष्ट शिकवली असेल: उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण कोणीतरी लक्ष देतंय याचाच कामगारांना आनंद. त्या प्रयोगांचे मूळ आकडे लेविट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, 2011 साली ते प्रसिद्ध झालं, आणि ही गोष्ट त्यात फारशी टिकली नाही. तुमच्या कामाचा भाग त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या खोलीत आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात टेलिफोन एक्सचेंजच्या स्विचचं वायरिंग करणारे 14 पुरुष एका वेगळ्या खोलीत बसवले होते: 9 वायरिंगवाले, 3 सोल्डरिंगवाले, 2 इन्स्पेक्टर. एक निरीक्षक तिथेच बसून फक्त बघायचा आणि लिहून ठेवायचा. पगार गटाच्या एकूण कामावर होता, म्हणजे जो तो जीव तोडून काम करील असं कागदावर दिसत होतं. प्रत्यक्षात त्यांनी आपसात ठरवलं होतं की दिवसाला दोन युनिट म्हणजे पुरे. एखादा त्यापुढे पळायला लागला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा हाणायचा, त्याला त्यांनी ‘बिंगिंग’ असं नावही दिलं होतं. फार कमी काम करणाराही चालायचा नाही. साहेबाकडे चुगली करणारा तर अजिबात नाही. आणि एके दिवशी काम जास्त झालं तर ते नोंदवताना पुढच्या दिवसावर टाकायचे, त्यामुळे नोंदीतला आकडा रोज जवळजवळ सरळ रेषेत.

तुमचं दोन महिन्यांचं शिफ्ट रजिस्टर आधी असं वाचा. आकडा रोज वरखाली होत असेल तर अडचण मशीनची किंवा मटेरियलची आहे. पण पावसाळ्यात, सणाच्या आदल्या दिवशी, दोघे गैरहजर असतानाही आकडा तोच येत असेल, तर तो ठरवलेला आहे.

ठरवण्यामागे आळस असतो असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. ते किती चुकीचं होतं ते सांगतो. आमच्या मशीन शॉपमध्ये एक नवा डिप्लोमाचा मुलगा आला. नॉर्म, म्हणजे शिफ्टला ठरवून दिलेलं काम, 140 पीसचं, हा 165 काढायचा. मी कौतुकाने त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावलं. आठवड्याभरात त्याचा माप तपासायचा गेज जागेवर सापडेनासा झाला, मटेरियलची ट्रॉली त्याच्याकडे शेवटी यायला लागली, आणि कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर तो एकटाच. कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. दोन महिन्यांत तो 140वर आला आणि मी त्याच्या फाइलला ‘सुरुवातीचा उत्साह टिकला नाही’ असा शेरा मारला. पुढे एका जुन्या ऑपरेटरने चहा पिताना सांगितलं, “साहेब, मागे असंच एकाने जास्त काढून दाखवलं होतं. पंधरा दिवसांत कामाचा वेळ मोजणारा घड्याळवाला आला आणि सगळ्यांचं नॉर्म वाढलं. पैसे तेवढेच.” मी जुनी फाइल काढून पाहिली. खरं होतं. त्या माणसांना गणित येत होतं, शेरा मारणाऱ्या मला येत नव्हतं. तो शेरा मी नंतर बदलून घेतला, पण मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून इन्सेंटिव्हच्या आधी एक काम करा. मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय नॉर्म वाढणार नाही, असं प्लँट हेडकडून लेखी घ्या. ते देत नसतील तर तुमच्या माणसांचा संशय बरोबर आहे. लाइनवर टेम्पररी मुलं असतील आणि 240 दिवस भरले की कायद्याने नोकरीला मिळणारं संरक्षण लागू होऊ नये म्हणून त्यांना सातव्या महिन्यात ब्रेक देऊन घरी बसवत असतील, तर त्यांचं गणित परमनंटवाल्यांपेक्षा वेगळं असतं. दोघांना एकच योजना लावून उपयोग नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, अहमदाबादचं, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस 1953च्या सुमारास काम करत होते. स्वयंचलित मागांची नवी शेड होती, 224 माग, पण उत्पादन अपेक्षेएवढं नाही आणि खराब कापड बरंच. काम अगदी शास्त्रशुद्ध वाटलेलं: विणकराने तुटलेले धागे जोडायचे, बॅटरी-फिलरने कांड्या भरायच्या, एकदम बरेच धागे तुटले की स्मॅश-हँडने यायचं, मागाची दुरुस्ती बघणारा जॉबर वेगळा, तेलवाला वेगळा, झाडूवाला वेगळा. बारा प्रकारची कामं. घोळ असा की प्रत्येकाकडच्या मागांची संख्या निराळी. आठ विणकरांमागे पाच बॅटरी-फिलर आणि तीन स्मॅश-हँड, म्हणजे एका विणकराच्या वाट्याला पाच अष्टमांश फिलर! धागा तुटून माग थांबला की कोणाला हाक मारायची आणि तो आधी कोणाकडे जाणार, हे कोणाच्याच हातात नव्हतं. अशा रचनेत भांडणं होणारच, आणि आपण त्यांना स्वभावाचा दोष म्हणतो.

राइस यांनी सुचवलं की ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाला द्या. ही कल्पना कामगारांनी आणि सुपरवायझरांनी इतकी चटकन उचलली की आपापले गट त्यांनीच जुळवून आणले. घडी बसायला थोडे दिवस गेले, पण नंतर कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95वर गेली आणि खराब मालाचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 20वर आलं. माणसं तीच होती, माग तेच होते. 1970मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका शेडमध्ये गट टिकून होते, बाकी ठिकाणी ही पद्धत बरीच विरली होती. एकदा बसवलेली घडी आपोआप टिकत नाही, हेही त्यातून दिसतं.

तुमच्या 18 जणांना मटेरियल आणून देणारा कोणाचा माणूस? स्टोअर्सचा? क्वालिटीवाला दुसऱ्या डिपार्टमेंटचा आणि मेंटेनन्सचा फिटर तीन लाइनला मिळून एक? मग पाच अष्टमांशाचा हिशोब तुमच्याकडेही आहे. तो कागदावर मांडा: कोण कोणावर अडतो, आणि अडल्यावर किती मिनिटं जातात. पेपरच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्या.

फक्त वही घेऊन लाइनवर उभं राहण्याआधी युनियनच्या कमिटी मेंबरला भेटा आणि काय लिहिणार आहात ते त्याला दाखवा. न सांगता उभे राहिलात तर सगळ्यांना टाइम स्टडीच वाटेल, आणि त्या दिवशी तुम्हाला तोच जुना आकडा दिसेल.