जुहूच्या विमानतळावर पायलटशिवाय कोण कोण लागतं?

प्रश्न : आम्ही विलेपार्ले पश्चिमेला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित-भौतिकशास्त्र बरं आहे. गच्चीवरून जुहूची हेलिकॉप्टरं बघत वाढली, म्हणून तिला ‘तिथेच’ काम करायचंय. पायलटचा खर्च आम्हाला झेपणार नाही. एका क्लासने सहा महिन्यांचा ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ कोर्स दीड लाखात, नोकरीच्या हमीसह सांगितला आहे. घालावं का? मुलगी मिक्सर, पंखे स्वतः उघडून दुरुस्त करते, हेही सांगून ठेवते. – एक आई

ताई, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पण आधी क्लासचं बोलू. दीड लाख भरू नका. अशा कोर्सनंतर मिळालीच तर चेक-इन काउंटरची किंवा ग्राउंड स्टाफची नोकरी मिळते, आणि ती सहारच्या मोठ्या टर्मिनलवर. जुहूला प्रवासी कंपन्यांची नेहमीची विमानंच नाहीत, त्यामुळे तिथे काउंटर कुठले आणि बोर्डिंग पास कुठले! शिवाय ती कामं कंपन्या माणसं घेऊन स्वतःच शिकवतात. या क्षेत्रात प्रमाणपत्राला फारशी किंमत नसते, परवान्याला असते. पैसे घालायचे तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना ज्या वाटेने मिळतो त्या वाटेवर घाला.

आता जुहूला नेमकं काय चालतं ते बघू, कारण मुलीचं ‘तिथेच’ त्यावर ठरेल. १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १९३२ च्या ऑक्टोबरात जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. प्रवासी विमानं पुढे शेजारच्या सांताक्रूझ विमानतळावर गेली. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षणही आता धुळ्याला चालतं. जुहूत राहिली ती मुख्यतः हेलिकॉप्टरं. समुद्रात दीडेकशे किलोमीटरवर मुंबई हायचे तेलाचे प्लॅटफॉर्म आहेत. तिथल्या कामगारांची ने-आण हा इथला रोजचा धंदा. पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी आणि काही खासगी कंपन्या तो करतात. निवडणुकीत नेत्यांची हेलिकॉप्टरं सुटतात, चार्टर सुटतात. (पार्लेकरांना हा विमानतळ आठवतो तो इमारत पुनर्विकासाला निघाली की! फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखाली इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते त्यामुळे, वरचे मजले अडले, म्हणून किती सोसायट्या हवालदिल आहेत ते तुम्हाला मी काय सांगणार.)

अशा ठिकाणी पायलटपेक्षा कितीतरी जास्त माणसं जमिनीवर लागतात, आणि मिक्सर-पंखे उघडणारी तुमची मुलगी तिथे शोभेल असं मला वाटतं. समुद्रावरून फिरून येणाऱ्या हेलिकॉप्टरला खारी हवा खाते. गंज शोधणं, इंजिन गोड्या पाण्याने धुणं, पात्यांची तपासणी, कंपनं मोजणं हे कधी संपत नाही. काम झालं की ‘उडायला योग्य’ म्हणून सही करण्याचा अधिकार ज्यांना असतो ते एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई. त्या सहीशिवाय कोणी उडवत नाही.

या परवान्याच्या शाखा असतात. टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरांसाठी बी १.३ ही शाखा, मोठ्या जेट विमानांसाठी बी १.१, आणि रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्ससाठी बी २. बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं, ते तिच्याकडे आहे. दोन वर्षं वर्ग आणि कार्यशाळा, मग प्रत्यक्ष चालू हेलिकॉप्टरवर अनुभव, सोबत डीजीसीएचे पेपर. परवाना हातात यायला बारावीनंतर चार-पाच वर्षं धराच. पेपर एका दमात सुटत नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवते. पवनहंसची अशी प्रशिक्षण संस्था जुहू विमानतळावरच आहे, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. खर्च काही लाखांत जातो. पायलटच्या २०० तासांच्या उड्डाणाला आज पन्नास लाख किंवा त्याहूनही जास्त लागतात, आणि हेलिकॉप्टरचा तास विमानाच्या तासापेक्षा महाग. शिवाय हेलिकॉप्टरवर सैन्यातून निवृत्त झालेले अनुभवी वैमानिक बरेच असतात, त्यामुळे नवख्याला लवकर जागा मिळत नाही. खर्च झेपणार नाही हे तुम्ही ओळखलंत ते बरं केलंत. कर्ज काढून ही उडी घेऊ नका.

एएमईची नावडती बाजूही ऐका. काम पाळीत असतं, पावसाळ्यातही हँगरबाहेर (हेलिकॉप्टरं ठेवायच्या शेडबाहेर) उभं राहावं लागतं, आणि पहिली दोन-तीन वर्षं पगार साधा असतो. विशिष्ट हेलिकॉप्टरचं टाइप रेटिंग (त्या मॉडेलवर सही करण्याचा अधिकार) मिळालं की खरी पगारवाढ होते. हेलिकॉप्टर कंपन्या देशात मोजक्याच आहेत. म्हणून मी असते तर बी १.१ की बी १.३ हे प्रवेशाआधी दोन्ही बाजूंनी तपासलं असतं. फक्त जुहूवरच्या प्रेमापोटी बी १.३ घेऊ नये.

दुसरी वाट एअर ट्रॅफिक कंट्रोलची, म्हणजे टॉवरवरून विमानांची ये-जा सांभाळण्याची. जुहू आणि सांताक्रूझ इतके जवळ की १९५३ साली एक ब्रिटिश कॉमेट जेट विमान आणि १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं! जुहूची धावपट्टी जेमतेम साडेअकराशे मीटर, त्यामुळे डीसी-८ थांबलंच नाही, पुढे निघून गेलं आणि भंगारात गेलं. इथला नियंत्रक शेजारच्या मोठ्या टॉवरशी सतत बोलत का असतो, हे यावरून कळेल. या कामासाठी भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. मग विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा आणि आवाजाची चाचणी. प्रशिक्षणकेंद्रांपैकी एक आपल्याच गोंदियाला आहे. प्रशिक्षणासाठी पैसे भरावे लागत नाहीत, उलट नोकरी सुरू झालेली असते. मात्र बदली देशात कुठेही होते, आणि जागा थोड्या, उमेदवार अफाट. बीएस्सी करता करता तयारी होऊ शकते, हा तिचा फायदा.

अग्निशमन दलाचं नावही घेऊन ठेवते. बारावीवर भरती होते, पण शारीरिक चाचणी कडक असते आणि वाहन चालवण्याचा परवाना विचारला जातो.

आता या महिन्यातलं काम. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त एएमई संस्थांची यादी आहे. ज्या संस्थेत जाल तिचं नाव आणि तिला मिळालेली शाखा त्यात शोधा, फलकावरच्या शब्दावर जाऊ नका. मग संस्थेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा. शिकायला चालू स्थितीतली किती हेलिकॉप्टरं आहेत, प्रत्यक्ष अनुभवाची सोय संस्था करते की विद्यार्थ्याने शोधायची, आणि गेल्या तुकडीतल्या किती जणांचे पेपर सुटले. मुलीला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. ती हँगरमध्ये रमली तर मला पुन्हा लिहा, मग बी १.१ की बी १.३ हे आपण तिघी मिळून बघू.