मृत्यूदाखल्यावर 'दात येणे' हे कारण : व्हिक्टोरियन नोंद कशी वाचावी

तुम्ही विचारलंत की ऑगस्ट 1868 मधल्या इंग्लंडच्या दाखल्यावर दहा महिन्यांच्या बाळाचं मृत्यूचं कारण 'टीथिंग' कसं. दात येण्याने बाळ गेलेलं नाही. दात फुटायच्या वयातच अंगावरचं दूध कमी होऊन वरचं दूध सुरू व्हायचं. त्या काळच्या लांब रबरी नळीच्या बाटल्या आतून धुताच येत नसत, आणि उन्हाळ्यात तेच दूध जुलाब घेऊन यायचं. ऑगस्ट महिना आणि दहा महिने वय एकत्र पाहिलं, तर माझा पहिला संशय जुलाबांवरच जाईल.

अशा दाखल्यांवर आणखीही काही शब्द दिसतात. 'कन्व्हल्शन्स' म्हणजे झटके. ते कुठल्याही तापात येतात, त्यामुळे त्यावरून आजार ओळखता येत नाही. 'मरॅस्मस' म्हणजे सुकटी, मूल वाळत जाणं. 'टेबीज मेसेंटेरिका' म्हणजे आतड्याजवळच्या गाठींचा क्षय.

'सर्टिफाइड' हा शब्द आहे का, ते आधी पाहा. डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं 1874 च्या कायद्याने. त्याआधी डॉक्टरचा कागद नसेल तर वर्दी देणाऱ्याने सांगितलेलं कारणही नोंदलं जाई, आणि वर्दी देणारी पुष्कळदा शेजारीण असायची. कारणापुढे 'पाच दिवस', 'तीन आठवडे' असा आजाराचा काळ लिहिलेला असेल तर तो सोडू नका.

स्कार्लेट फीवरमध्ये, म्हणजे घसा सुजून अंगावर लाल पुरळ येणाऱ्या साथीच्या तापात, हा काळ फार बोलका असतो. घशाचा आजार जोरात असला तर मूल काही दिवसांतच जाई. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींची मूत्रपिंडं दोन-तीन आठवड्यांनी बिघडत, अंगावर सूज चढे आणि दाखल्यावर नुसतं 'ड्रॉप्सी' येई. म्हणून लहान मुलाच्या नावापुढे 'ड्रॉप्सी' दिसली की आधीच्या महिन्यात भावंडांपैकी कोणी गेलं का, ते शोधाच. हा रोग घरात शिरला की किती निर्दय होई, ते इंग्लंडमधल्या कार्लाइल शहराच्या कॅथेड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) टेट यांच्या घरी दिसतं : 1856 च्या मार्च-एप्रिलमध्ये जेमतेम पाच आठवड्यांत पाच मुली गेल्या.

'क्रूप' (घसा सुजून येणारा घोगरा खोकला आणि श्वास कोंडणं) लिहिलं असेल तर घटसर्पाचा विचार करा. 1850 च्या दशकाअखेरपर्यंत इंग्लंडमध्ये घटसर्प वेगळा ओळखला जात नव्हता. तो क्रूपमध्ये किंवा स्कार्लेट फीवरमध्येच मोजला जाई.

दाखल्याच्या प्रतीत एकच नोंद मिळते. म्हणून त्या पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं) दफनाचं रजिस्टर काढा. त्यात नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख आणि वय असतं. मृत्यूच्या आगेमागे सहा आठवडे पाच वर्षांखालची मुलं मोजा, आणि मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहा. आकडा एकदम चढलेला दिसला, तर गावात साथ होती का हे इतर दाखल्यांवरून तपासता येईल.