बट्टा, वटाव, घसारा: किंमत कमी होण्याचे तीन शब्द

तुमचा प्रश्न असा की 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' यातला बट्टा म्हणजे डाग का, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पट्टीवर (माल विकल्यावर मिळणाऱ्या, कपाती दाखवणाऱ्या हिशेबाच्या कागदावर) लिहिलेल्या 'वटाव'शी त्याचं काही नातं लागतं का.

डाग हा अर्थ आहेच, पण माझ्या मते तो मागाहून चिकटलेला. बट्टा मुळात सराफी पेढीवरचा शब्द. पेशवाईत सगळीकडे चालणारा असा एकच रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. कुणात चांदी जास्त, कुणात कमी. त्यातही काही झिजलेले, काही कडेने कातरलेले, काहींवर पारखताना मारलेल्या खुणा. समजा साताऱ्याच्या पेठेत तुम्ही हलके शंभर रुपये देऊन चांगले मागितले आणि सराफाने अठ्ठ्याण्णव हातावर ठेवले, तर मधले दोन म्हणजे बट्टा. सरकारी भरण्यातली नाणी पारखायला पोतदार असे. फारसी 'फोतेदार'वरून आलेला हा हुद्दा. आपल्याकडे आता आडनाव म्हणूनच उरलाय.

इथे एक बारकावा आहे. बट्टा लागलेलं नाणं खोटं नसे. रुपयाच तो, फक्त पूर्ण किमतीला कुणी घेत नसे. नावाला लागतो तो बट्टाही नेमका असाच. माणूस बाद होत नाही, चारचौघांत त्याचा शब्द थोडा कमी भावाने घेतला जातो. म्हणून 'कलंक' हा प्रतिशब्द मला जरा जड वाटतो.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे एक तोळ्याचा, सारखा रुपया काढला. जुनी नाणी मागे पडत गेली तसं बट्ट्याचं रोजचं काम आटलं आणि आपल्या बोलण्यात नावाचा बट्टा तेवढा राहिला. हिंदीत पैशाचा अर्थ अजून धडधाकट आहे. बुडीत कर्ज तिकडे 'बट्टे खाते' जातं. ('बट्ट्याबोळ' मी यात ओढणार नाही. आवाज जुळला म्हणून कूळ जुळत नाही.)

वटाव हा वटणे-वटवणे यातला. हुंडी (ठरल्या मुदतीला पैसे देण्याची सावकारी चिठ्ठी) वटवायची, चेक वटला, तोच. मुदतीआधी रोख हवी असेल तर हुंडीच्या रकमेतून जे कापून घेत ते वटाव. कामापुरते बट्टा आणि वटाव भाऊच: कागदावरची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांतला फरक.

घसारा मात्र वेगळ्या घरचा. घासण्यातून आलेला, वापराने होणारी झीज. ट्रॅक्टरवर, मोटारीवर हिशेबात धरतात तो. त्यात देवाणघेवाण नाही. वस्तू दारात उभी असली तरी घसारा चालूच. आणि 'अवमूल्यन' म्हणजे कुणीतरी ठरवून केलेली घट. ६ जून १९६६ ला सरकारने डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये केला, ते अवमूल्यन. बाजारात रुपया आपोआप खाली आला तर ती घसरण. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच शब्द वापरतात, ते चूक आहे.

राहिली तुमची पट्टी. आडत, हमाली, तोलाई यांच्या रांगेत वटाव दिसला तर तो रोखीने पैसे देण्याबद्दल कापलेला असतो. तूट निराळी. तूट वजनातून जाते, वटाव रुपयांतून. दोन्ही लावले असतील तर दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मागा.