प्रायव्हेट मेथड : गुप्त की खासगी?

रत्नागिरीत बी.एस्सी.च्या मुलांना जावा शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : युनिट टेस्ट (कोडचा एकेक भाग तपासणारा छोटा कोड) मराठीतून समजावताना प्रायव्हेट मेथडला (मेथड म्हणजे एखादं काम करणारा कोडचा तुकडा) ‘गुप्त’ म्हणावं की ‘खासगी’? शिवाय मुलं टेस्टसाठी प्रायव्हेट मेथड सरसकट पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुली, करून टाकतात, त्यांना कसं सांगावं?

ताई, ‘खासगी’च म्हणा. गुप्त म्हणजे कुणाला दिसू नये ते. प्रायव्हेट मेथड तर कोडमध्ये उघडी असते, कुणीही वाचावी; बाहेरच्या क्लासने (क्लास म्हणजे मेथडचा एक गठ्ठा) ती कॉल करायची नाही, म्हणजे वापरायची नाही, एवढंच. होळकरांच्या कारभारात राज्याची दौलत वेगळी आणि घराण्याची खासगी वेगळी. ही खासगी काही लपवलेली नव्हती, तिला हात कुणी लावायचा ते ठरलेलं होतं. हाच अर्थ इथे चपखल बसतो. म्हणूनच मेथड कुठून वापरता येते, त्या व्हिजिबिलिटीला ‘दृश्यता’ म्हणणंही मला पटत नाही. प्रश्न दिसण्याचा नाहीच, कुणाचा वावर कुठवर याचा आहे.

उदाहरण आपल्या घराचंच द्या. पाहुण्याला ओटीवर सोलकढी मिळते. नारळ किती खवला, आगळ किती घातलं, हे बघायला तो चुलीपाशी जात नाही. पहिल्या घोटात त्याला कळतं. टेस्टनेही पब्लिक मेथड कॉल करावी, उत्तर तपासावं. आतल्या खासगी मेथड त्यातच तपासल्या जातात. टेस्टसाठी त्या पब्लिक केल्या तर माजघरातून येजा सुरू होते, आणि मग आतलं काही हलवायची सोय राहत नाही. आतलं काम फारच गुंतागुंतीचं असेल तर त्याचा वेगळा क्लास करावा.

जावात आणखी एक सोय आहे. मेथडच्या आधी पब्लिक, प्रायव्हेट, प्रोटेक्टेड यांतला कुठलाच शब्द लिहिला नाही, तर ती त्या पॅकेजपुरती (पॅकेज म्हणजे एका नावाखालचे क्लास) राहते. मी तिला ‘वाडीपुरती’ म्हणतो. मूळ कोड एका फोल्डरात, टेस्ट दुसऱ्या फोल्डरात, पण पॅकेजचं नाव एकच. म्हणून टेस्टला ती कॉल करता येते. मुंबईचा चाकरमानी गणपतीला आला की ओटीवर थोडाच थांबतो, थेट आत जातो. राहायला दुसरीकडे, पण माणूस वाडीतलाच.

खुद्द टेस्टची मेथड जेयुनिट ४ मध्ये (जेयुनिट म्हणजे जावात टेस्ट लिहायचं साधन) पब्लिकच लागायची. २०१७ साली जेयुनिट ५ आलं, तेव्हापासून वाडीपुरतीही चालते. प्रायव्हेट मात्र चालत नाही.

राहिला प्रोटेक्टेड. जावात ही मेथड अख्ख्या वाडीला खुली, वर दुसऱ्या वाडीतल्या वारस क्लासनाही (वारस म्हणजे त्या क्लासवरून बनवलेले). इतक्या मोकळ्या मेथडला ‘संरक्षित’ म्हटलं की मुलं फसतात. ‘वाडी नि वारसांपुरती’ असं म्हणून पाहिलं, पण जीभ अडखळते. तेव्हा वर्गात तो शब्द प्रोटेक्टेडच राहू द्या.