नाव सांगतो, वेळ लागतो

बडोद्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"नमस्कार मॅडम. माझी मुलगी बीएएसएलपी या पदवीच्या शेवटच्या वर्षाला, इंटर्नशिपमध्ये आहे. तिला पुढं स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत, म्हणजे वाणीच्या उपचारांत, मास्टर्स करायचं आहे, तेही अमेरिकेत. माझं म्हणणं, करायचंच तर ऑडिऑलॉजी, म्हणजे कानाचं कर. श्रवणयंत्रांच्या कंपन्यांत नोकऱ्या तरी आहेत. पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. गणपतीत तिचा लॅपटॉप उघडा राहिला होता. प्रवेशाच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून देतात ते, एसओपी की काय म्हणतात, ते मी वाचलं. पहिलंच वाक्य, 'माझे बाबा फोनवर स्वतःचं नाव सांगू शकत नाहीत.' मी लहानपणापासून अडखळत बोलतो. आरतीत काही होत नाही, फोनवर होतं. पण मॅडम, मी नाव सांगतो. वेळ लागतो, एवढंच. तीस वर्षं नोकरी केली आहे. असं लिहिलं की प्रवेश मिळतो का? तिला अजून काही बोललो नाही."

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्यामानाने सोपे आहेत. लेकीचा लॅपटॉप वाचलात त्याबद्दल दोन शब्द तुम्हाला ऐकावे लागतील, ते तिच्याकडूनच ऐका. मी त्यात पडत नाही.

असं लिहून प्रवेश मिळत नाही. एके काळी मीच मुलांना सांगायची, घरातली गोष्ट आधी घाला, वाचणाऱ्याच्या काळजाला हात लागतो. आता सांगत नाही. या विषयाला अर्ज करणाऱ्यांत कुणाचा भाऊ स्वमग्न असतो, कुणाच्या आजीला पक्षाघात झालेला असतो, कुणी स्वतः लहानपणी बोबडं बोलत असतं. गोष्टी खऱ्याच असतात. पण अर्ज वाचणारे प्राध्यापक अशा शेकडो गोष्टी वाचून बसलेले असतात. त्यांना बघायचं असतं की या मुलीला समोरचा माणूस नीट दिसतो का.

तिचं वाक्य तिथंच फसलं आहे. "सांगू शकत नाहीत" असं ती लिहिते आणि तुम्ही म्हणता, "सांगतो, वेळ लागतो." बापलेकीच्या प्रेमाचा प्रश्न बाजूला ठेवा. वाणी-चिकित्सक होऊ पाहणाऱ्या मुलीनं निरीक्षणात केलेली ही चूक आहे. क्लिनिकच्या नोंदवहीत "पेशंट नाव सांगू शकत नाही" असं तिनं लिहिलं असतं, तर तिच्या सुपरवायझरनं लाल पेनानं खूण केली असती. पहिला आवाज लांबतो का, पुन्हापुन्हा येतो का, की तोंड उघडूनही आवाजच फुटत नाही? किती सेकंद? तेव्हा डोळे मिटतात का, हात हलतो का? फोनवर आणि समोरासमोर फरक किती? हे सगळं ती तीन वर्षं शिकली आहे, रोज दुसऱ्यांच्या बाबतीत लिहिते आहे. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र तिची नजर मुलीची झाली. साहजिक आहे. पण अर्जात तेवढंच नेमकं उघडं पडतं.

तुम्ही मात्र पत्रात दोन ओळींत दोन फार नेमक्या गोष्टी सांगून गेलात. आरतीत काही होत नाही, ही पहिली. चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना बहुतेकांचं अडखळणं जवळपास नाहीसं होतं, हे या शास्त्रात जुनं ठाऊक आहे. नाव अडतं, ही दुसरी. अडखळणारी माणसं शब्द बदलण्यात तरबेज होतात. "बुधवारी" अडेल असं वाटलं की "परवा" म्हणायचं, समोरच्याला पत्ताही लागत नाही. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. फोनवर तर हातवारेही दिसत नाहीत, आणि पलीकडचा "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करत राहतो.

जाता जाता, हा भित्रेपणा नव्हे, लहानपणी कुणी रागावल्याचा परिणामही नव्हे. त्यात अनुवंशाचा वाटा आहे आणि बोलण्याची वेळ सांभाळणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेचाही. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण अडखळतो, आणि त्यांत पुरुष बायकांच्या चौपट. आपल्याकडे तोतरं आणि बोबडं एकच समजतात, ते वेगळं. "काका"ला "ताता" म्हणणारं पोर बोबडं. शब्द ठाऊक असून, उच्चार येत असून जो मध्येच अडतो तो तोतरा.

मग तुमचा उल्लेख काढून टाकायचा का? ते तुम्ही ठरवायचं. पेशंटची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय बाहेर सांगायची नाही, हा या पेशाचा पहिला नियम आहे, आणि बाप आहे म्हणून तो नियम सुटत नाही. तुम्ही हो म्हणालात, तर दोन-तीन ओळी पुरेत, आणि त्यात तुमचं वाक्य जसंच्या तसं असावं. "माझ्या बाबांना नाव सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी त्यांना देत नव्हते, मध्येच वाक्य पुरं करून टाकत होते," असं तिनं लिहिलं, आणि ते खरं असेल, तर ते वाचण्यासारखं होईल. खरं नसेल तर लिहू नये. उरलेली दीड पानं इंटर्नशिपची. एखादी केस, नावगाव ओळखू येणार नाही अशी, जिच्यात तिचा अंदाज चुकला आणि मग तिनं काय बदललं. त्याच विद्यापीठात का, तिथं कुणाचं काम तिला बघायचं आहे. "लहानपणापासून मला लोकांना मदत करायची आवड" हे वाक्य दिसलं तर माझ्या वतीनं खोडा.

तिनं अजून एक गोष्ट लिहावी, जी तिला कदाचित विशेष वाटतच नसेल. बडोद्याच्या मराठी घरातली मुलगी म्हणजे घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. बाहेर लोक याला बायोडेटातली एक ओळ समजतात. तिच्या धंद्यात ते हत्यार आहे. मराठीत "चार" आणि "चाक" यांतले च वेगळे, जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा यांतले ज वेगळे. प्रमाण गुजरातीत हा भेद नाही. आपल्या बडोद्याच्या मराठी घरातलं पाच वर्षांचं मूल "चाक" गुजराती वळणानं म्हणालं, तर तो उच्चारदोष की शेजारच्या भाषेचा रंग? ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला लगेच कळतं. ज्याला येत नाहीत तो त्या मुलाला सहा महिने थेरपीला बसवतो. तसंच, मूल उशिरा बोलायला लागलं की घरच्यांना सर्रास सांगतात, "एकच भाषा बोला." दोन भाषा ऐकल्यानं बोलणं मागे पडतं याला संशोधनात आधार नाही. पण त्या सल्ल्यापायी आजी नातवाशी मराठी बोलायची थांबते. तुमच्या लेकीनं असं एखादं घर क्लिनिकमध्ये पाहिलंच असणार. ते लिहावं.

आता ऑडिऑलॉजी. तुमचं गणित अगदी चुकीचं नाही. श्रवणयंत्रांच्या दुकानांत नोकरी लवकर लागते हे खरं. बऱ्याच ठिकाणी विक्रीचं टार्गेट मात्र डोक्यावर बसतं. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बीएएसएलपी ही ऑडिऑलॉजी आणि स्पीच या दोन्हींची पदवी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली की तिला कानाचंही आणि वाणीचंही काम करता येतं. दुसरा दरवाजा बंद होत नाही. आणि "स्पीच" म्हणजे नुसती मुलांची शिकवणी नव्हे. पक्षाघातानंतर शब्द हरवलेला माणूस, गिळताना ठसका लागून अन्न फुप्फुसात जाणारा पेशंट, ही सगळी तिची माणसं. गुजरातेत मावा आणि गुटख्यापायी तोंडाचे कर्करोग किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. जीभ किंवा स्वरयंत्र काढल्यावर त्या माणसाला पुन्हा गिळायला आणि बोलायला शिकवणारं कुणी लागतं, आणि अशी माणसं कमी आहेत. अमेरिकेचंच म्हणाल, तर तिथं ऑडिऑलॉजिस्ट व्हायला मास्टर्स पुरत नाही, साधारण चार वर्षांची डॉक्टरेट लागते. वाणीसाठी दोन वर्षांचं मास्टर्स पुरतं.

राहिला प्रश्न तिथं की इथं. इथं मी जरा स्पष्ट बोलणार आहे. तिकडचं मास्टर्स चांगलं आहे, पण ते कर्ज काढून करण्याआधी पुढची साखळी कागदावर मांडा. शिक्षणात एकूण ४०० तासांचं क्लिनिकचं काम लागतं, त्यातले २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे. त्यांपैकी किमान ३२५ तास तिथल्या मान्यताप्राप्त मास्टर्समध्येच व्हावे लागतात. म्हणजे इंटर्नशिपचे इथले तास तिला अनुभव म्हणून उपयोगी पडतील, हिशेबात फारसे नाहीत. मग प्रॅक्सिस ही परीक्षा, १६२ गुणांना पास. मग क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली नोकरी, किमान ३६ आठवडे आणि १२६० तास, आणि ज्या राज्यात काम करायचं तिथला परवाना. हा विषय त्यांच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या यादीत नाही, त्यामुळे शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी मिळतं ते एकच वर्ष, आणि त्यातले नऊ-एक महिने फेलोशिपच खाते. पुढं एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ज्यात सोडत आहे, नियम आणि शुल्क बदलत असतात, आणि या पेशाला वर व्हिसास्क्रीन हे परदेशात शिकलेल्यांची पात्रता तपासणारं प्रमाणपत्रही लागतं. सगळं जुळून येतं, अशी मुलं आहेत. पण "नाही जुळलं तर कर्जाचा हप्ता कोण आणि कुठल्या पगारातून भरणार" याचं उत्तर घरात आधी ठरलेलं असावं.

इंग्लंडचाही विचार एकदा करा. तिथं बीएएसएलपीच्या जोरावर थेट नोंदणीचा अर्ज करता येतो. मात्र वाणी-चिकित्सकांकडून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ८ गुण मागतात, कुठल्याच भागात ७.५च्या खाली नाही. इतर आरोग्य-पेशांपेक्षा जास्त, आणि ते बरोबरही आहे.

माझं मत विचाराल तर पहिला अर्ज म्हैसूरला. १९६५ साली सुरू झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, देशात या विषयाचं मोठं घर. तिथं वाणी आणि श्रवण यांचं एमएस्सी वेगवेगळं आहे, प्रवेशपरीक्षा देशभरातून, स्पर्धा कडक. क्लिनिकमध्ये कन्नड लागते. पहिले काही महिने मुलं रडकुंडीला येतात, मग पेशंटच्या आयांकडून शिकतात. जिच्याकडे आधीच चार भाषा आहेत तिला पाचवीचं भय नसावं. दुसरा अर्ज मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. क्लिनिकमध्ये मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही कानावर पडतील, आणि पहाटे बडोद्याहून गाडीत बसलात तर दुपारी लेकीबरोबर जेवाल. अमेरिकेचे अर्ज याच्या जोडीला करू द्या, पण चार-पाचच, आणि शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप देणाऱ्या विभागांनाच. नुसतं नाव मोठं म्हणून नाही.

तिथल्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते, त्यामुळे वेळ दिसतो तितका नाही. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. ज्यांनी तिला पेशंटबरोबर काम करताना पाहिलं आहे त्यांचीच घ्यावीत. विभागप्रमुखांचं नुसतं "हुशार आणि होतकरू" कामाचं नाही. विनंती आत्ताच करावी, आणि सोबत आपण केलेल्या केसेसची एक पानी आठवण द्यावी, म्हणजे सरांना आठवायला सोपं. आणि विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत दाखला, निघायला लागतो तो वेळ कुणाच्याच हातात नसतो. मध्ये नवरात्र आहे, दिवाळीची सुट्टी आहे. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज येत्या सोमवारी जाऊन द्या. शक्यतो दोघं मिळून जा, रांगेत उभं राहायला वेळ भरपूर असतो, आणि त्या पहिल्या वाक्याचा विषय तिथं काढता येईल.